रक्तापुरतं औषध

नाशिकला पंडित कॉलनीजवळच्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, महिन्यातून एका रविवारी सकाळी, ज्योत्स्ना भोये नवे शोध सांगायची. ती कॉलेजात गणित शिकवायची. शिकवून उरलेल्या वेळात गणितातले, जीवशास्त्रातले, आकाशाबद्दलचे, हाताला लागतील ते संशोधनाचे निबंध वाचायची आणि त्यातले तीन-चार निवडून साध्या मराठीत मांडायची. ऐकायला येणारी माणसं बहुतेक पिकल्या केसांची. नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले, ओझरला विमानांच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेले, देवळाली कॅम्पहून बसने येणारे एक सुभेदार, काही शिक्षिका.

एका रविवारी तिनं फरशीचा एक आकार फळ्यावर काढून दाखवला होता. त्या एकाच आकाराच्या फरशा लावत गेलं तर कितीही मोठं अंगण भरतं, पण तीच ती नक्षी पुन्हा पुन्हा येत नाही. असा एकच एक आकार असू शकतो का, हे कोडं गणितज्ञांना कित्येक वर्षं सुटत नव्हतं, आणि तो आकार सापडला एका हौशी माणसाला. दुसऱ्या एका रविवारी हत्तींचं होतं. आफ्रिकेतल्या कळपांचे आवाज तपासल्यावर असं दिसत होतं की हत्ती एकमेकांना नावासारख्या वेगवेगळ्या आवाजांनी हाका मारत असावेत. सुभेदारांनी विचारलं, "मग हत्ती ओ देतो का?"

"स्वतःसाठी असलेली हाक ऐकवली की तो जास्त लवकर आवाजाकडे येतो, एवढं दिसलंय," ज्योत्स्ना म्हणाली. "ते त्याचं नाव आहे का, हे आपल्याला अजून नक्की माहीत नाही."

तिची रीतच तशी होती. काय कळलं ते सांगायचं, आणि त्याच दमात काय कळलेलं नाही तेही सांगून टाकायचं. लोक पाऊस-थंडी न बघता जिना चढून यायचे ते त्यामुळेच.

बोलताना ती मोबाइल टेबलावर ठेवून सगळं रेकॉर्ड करायची आणि पेठला धाकट्या भावाला पाठवून द्यायची. मनोज पेठच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचा गाळा चालवायचा. बरं असलं की काम करता करता ऐकायचा, आणि बरं नसलं की अंथरुणात पडून.

त्याला सिकलसेल होता. रक्तातल्या ज्या पेशी गोल असायच्या त्या कोयत्यासारख्या वाकायच्या, बारीक नळ्यांमध्ये अडकायच्या, आणि मग गुडघे, पाठ, छाती, जिथं रक्त अडेल तिथं कळा उठायच्या. लहानपणी हे कोणाला माहीत नव्हतं. पुंजा आणि तानुबाई, त्यांचे आईबाप, भाताची कापणी उरकली की दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला जायचे. तिथल्या थंडीत मनोज रात्रभर विव्हळायचा आणि ज्योत्स्ना त्याचे पाय चोळत बसायची. गावात कोणी म्हणायचं पोराला बाहेरचं लागलं, कोणी म्हणायचं अंगात बळ नाही. पुढे आश्रमशाळेत रक्त तपासायला पथक आलं तेव्हा नाव कळलं. आईबाप दोघंही वाहक निघाले. म्हणजे त्यांच्या रक्तात हा दोष अर्धा होता आणि अर्ध्याचा त्रास होत नाही. ज्योत्स्नाकडेही अर्धाच आला. मनोजकडे आईचाही आला आणि बापाचाही.

ती शिकली, नाशिकला स्थिरावली, तेव्हा तिनं पहिलं काम केलं ते स्वतःची तपासणी. बहिणीच्या हाडातला मगज जुळला तर भावाला देता येतो, असं डॉक्टर म्हणाले होते. जुळला नाही. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मनोजच तिला म्हणाला होता, "जाऊ दे ताई, तुझं गणित तरी कुठं जुळतं माझ्याशी." ती हसली होती, आणि घरी आल्यावर मोरीत जाऊन रडली होती.

कार्तिकात मनोज नेहमीच्या तपासणीला नाशिकला आला आणि तिच्याकडे उतरला. गोळ्या लागू पडत होत्या, तब्येत बरी दिसत होती. संध्याकाळी दोघं जेवायला बसले तेव्हा त्यानं मोबाइल तिच्या ताटाशेजारी सरकवला.

"ताई, हे तुला माहीत होतं?"

तिनं वाचलं. सिकलसेलच्या रोग्याचा मगज काढून, त्यातल्या जनुकात बदल करून, तोच परत त्याच्या अंगात सोडायचा असा उपचार निघाला होता. परदेशात त्याला मान्यताही मिळाली होती. बातमी ताजी नव्हती.

"होतं," ती म्हणाली.

"कधीपासनं?"

"आलं तेव्हापासून."

मनोजनं घास खाली ठेवला. "हत्तीचं सांगितलंस. जिन्याच्या कोपऱ्यावरनं वळणाऱ्या सोफ्याचं सांगितलंस. माशीच्या मेंदूचा नकाशा काढला तेसुद्धा सांगितलंस. मी सगळं ऐकलं. अन् हे नाय?"

ज्योत्स्नानं मोबाइल त्याच्याकडे परत सरकवला. "आपल्या हाताला लागण्यासारखं नाही ते, मन्या. खर्च ऐकूनच माणूस खाली बसतो. आधी जालीम औषधं देऊन जुना मगज मारून टाकतात, महिनोन् महिने दवाखान्यात राहावं लागतं. आपल्या देशातही काम चाललंय, पण तुझ्यापर्यंत कधी येईल ते कोणालाच सांगता येत नाही. मला वाटलं, उगीच तुझा जीव टांगणीला लागेल."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. पण त्याचे डोळे चमकत होते.

"येईल ना पण? आज नाय, पाच-दहा वर्षांनी?"

"येईल असं मलाही वाटतं."

"मग माझं एक काम कर," तो म्हणाला, आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं त्यानं बाहेर काढलं.

करंजाळीजवळच्या एका पाड्यावरची मोहिनी पेठला शाळेचे गणवेश शिवायची. तिचं शिवणयंत्र मनोजच्या गाळ्याला लागूनच होतं. दोन वर्षांत दोघांचं मन बसलं होतं. मोहिनीही वाहक होती, शाळेतल्या तपासणीत कळलेलं. तिचा बाप गोटीराम या सोयरिकीला साफ नाही म्हणत होता.

"का नाही म्हणतो, ते त्यालाच इचार," मनोज म्हणाला. "पण तुझ्या तोंडून ऐकलं तर ऐकेल. तू खोटं बोलत नाहीस हे आख्ख्या करंजाळीला माहीत हाय. औषध निघालंय, एवढंच सांग. खोटं हाय का हे?"

"खोटं नाही."

"मग झालं तर."

तो उठून गॅलरीत गेला आणि मोहिनीला फोन लावला. आतून ज्योत्स्नाला त्याचं हसू ऐकू येत होतं. असं मोकळं हसणं तिनं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. भांडी विसळता विसळता तिच्या मनात आलं की याला पोराबाळांचं सांगायला हवं. तो उपचार अंगातल्या रक्तापुरता असतो, पुढच्या पिढीत जायचं ते जातंच, हे याच्या ध्यानात आहे का? ती हात पुसून गॅलरीच्या दारापर्यंत गेली. मनोज कठड्याला रेलून बोलत होता. ती परत फिरली. सकाळी सांगू, असं तिनं ठरवलं. सकाळी तो पहिल्या गाडीनं निघून गेला होता.

पुढच्या आठवड्यात ज्योत्स्ना सावळघाट चढून करंजाळीला उतरली. पुंजा आणि तानुबाई आधीच येऊन थांबले होते. मनोजनं नवा शर्ट घातला होता. पाड्यावर गोटीरामच्या घरापुढे खळ्यावर नागलीची कणसं पसरली होती. गोटीरामनं त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको नवसाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि तिच्यामागे मोहिनी. कोरा चहा आला.

गोटीरामनं आडवळण घेतलं नाही. "बाई, पोरगा चांगला हाय. माझं त्याच्याशी वैर नाय. पण मोहिनीच्या आधी मला एक पोर झालं होतं. झुंबर नाव होतं त्याचं. चालाय लागला तवापासनं त्याचे हातपाय सुजायचे. भगत झाले, दवाखाने झाले. एका थंडीत गेला. तवा आमाला नाव बी माहीत नव्हतं या रोगाचं. आता माहीत हाय. माहीत असून पोरगी देऊ?"

मनोज बहिणीकडे बघत होता.

ज्योत्स्नानं सांगायला सुरुवात केली. वाचनालयात सांगायची तसंच, सावकाश. माणसाच्या हाडात रक्त कसं तयार होतं, पोटातल्या बाळाचं रक्त वेगळ्या जातीचं असतं आणि त्या रक्ताच्या पेशी वाकत नाहीत, जन्मानंतर ते बनायचं हळूहळू बंद होतं, आणि शास्त्रज्ञांनी ते बंद झालेलं पुन्हा सुरू करायची युक्ती शोधली आहे. काही रोगी असे आहेत की पूर्वी महिन्यातले कितीतरी दिवस दवाखान्यात असायचे आणि उपचारानंतर त्यांच्या कळा थांबल्या. हे आपल्याकडे आलेलं नाही, यायला वेळ लागेल, धोकेही आहेत. गोटीराम मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरताना सगळ्यांनी पाहिला.

"म्हंजे हा बरा होऊ शकतो," तो म्हणाला.

"होऊ शकतो. होईलच असं मी म्हणत नाही."

"तेवढं कळतं मला. पुढचं कोणाला दिसलंय." त्यानं मान वर केली. "मग त्याची लेकरं बी धडधाकटच निपजतील."

ज्योत्स्नाच्या हातातला पेला तसाच राहिला. तानुबाईनं डोळे मिटून हात जोडले होते. मनोजच्या चेहऱ्याकडे बघताच तिला समजलं, त्यालाही हेच वाटत होतं. इतके दिवस तो याच भरवशावर होता. गप्प बसली असती तरी चाललं असतं. मान हलवायचीही गरज नव्हती. गोटीरामनं स्वतःच उत्तर देऊन टाकलं होतं.

"नाही काका," ती म्हणाली. "ते औषध याच्या रक्तापुरतं आहे. लेकरांपर्यंत ते पोचत नाही. हा उद्या बरा झाला तरी बापाकडून जायचं ते जाणारच. याच्याकडून अर्धा दोष प्रत्येक लेकराला नक्की जाईल. मोहिनीकडून जाईल किंवा जाणार नाही. तिचाही गेला, तर ते लेकरू याच्यासारखं."

"किती धरायचं?"

"दोनात एक."

गोटीराम उठला, खराटा घेतला आणि विखुरलेली कणसं एका बाजूला ओढू लागला. त्याचं म्हणणं सगळ्यांना समजलं. चौकटीतली मोहिनी आत निघून गेली.

परतीच्या वाटेवर मनोज एकटाच पुढे चालत होता. फाट्यावर आल्यावर तो थांबला. ज्योत्स्नाला वाटलं आता ओरडेल. तो ओरडला नाही.

"हे मला त्याच्या खळ्यावर, सगळ्यांपुढं कळायला पाहिजे होतं का, ताई?"

तो पेठच्या रस्त्याकडे बघू लागला.

"आधी सांगितलं असतंस तर मी तुला आणलंच नसतं. मी मोहिनीला माझ्या तोंडानं सांगितलं असतं. तिला पण आजच कळलं."

पेठची जीप आली, त्यात तो बसून गेला. पुंजा मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "तू खरं बोललीस, ते बराबर केलंस." पण बापाच्या त्या शब्दांनी तिला बरं वाटलं नाही. तिनं खरं सांगितलं होतं ते गोटीरामला. ज्याचा त्यावर पहिला हक्क होता, त्याला दोनदा टाळलं होतं. एकदा बातमी आली तेव्हा, आणि एकदा गॅलरीच्या दारातून परत फिरताना. त्याच्या काळजीपोटी गप्प राहिले, असं ती स्वतःला समजावत होती. नाशिक येईपर्यंत तिला दिसत गेलं की काळजी जितकी त्याची होती तितकीच आपलीही होती. त्याचा उतरलेला चेहरा तिला बघायचा नव्हता.

मनोज फोन उचलेना. आई सांगायची, गोळ्या घेतो, गाळा उघडतो, जेवतो. बोलत नाही.

पुढच्या महिन्याच्या रविवारी ज्योत्स्नानं वाचनालयात तो शोध सांगितला. बाकी काहीच नाही, तेवढाच. रोग कसा होतो इथपासून सुरुवात केली, उपचार सांगितला, मग काय कळलेलं नाही ते. बरं झालेली माणसं पुढं किती वर्षं बरी राहतील हे अजून माहीत नाही. आधीच्या जालीम औषधांनी मूल होण्याची ताकद जाऊ शकते. आणि उपचार पुढच्या पिढीपर्यंत जात नाही. "माझ्या भावाला हा आजार आहे," ती शेवटी म्हणाली. "हे मी त्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं." मग तिनं फळा पुसून टाकला.

माणसं पांगल्यावर तिला दिसलं, मागच्या रांगेत दोन बायका पिशव्या मांडीवर घेऊन बसून होत्या. नवसाबाई आणि मोहिनी. पेठहून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या; या रविवारांबद्दल मोहिनीनं मनोजकडून ऐकलेलं होतं. गोटीरामला त्यांनी नाशिकला कापड आणायला जातो म्हणून सांगितलं होतं, आणि मोहिनीच्या पिशवीत खरोखरच गणवेशाच्या कापडाचे नमुने होते.

ज्योत्स्नानं खुर्ची ओढून त्यांच्यासमोर ठेवली. मोहिनीनं काही विचारायच्या आतच नवसाबाई बोलली.

"बाई, माझा झुंबर कोणामुळं गेला?"

"कोणामुळं म्हणजे?"

"सासू म्हनायची, मी दिवसात असताना गिरान पाळलं नाय. इळी हातात धरली. म्हनून पोर असं निपजलं. मला त्यातलं काय आठवत नाय, धरली का नाय धरली. पण इतकी वर्सं तेच म्हनत आले सगळे. मी बी तेच म्हनते मनात."

ज्योत्स्नानं नवसाबाईचा हात हातात घेतला. तळव्याला जुने चरे होते.

"मावशी, ग्रहणाचा आणि विळीचा याच्याशी काही संबंध नाही. तुमच्या अंगात अर्धा होता, काकांच्या अंगात अर्धा होता. तुम्हाला दोघांनाही कसलाच त्रास नाही, मग कळणार कसं? झुंबरकडे दोन्ही अर्धे गेले. मोहिनीकडे एकच आला. कोणाकडे काय जाईल हे आपल्या हातात नसतं. तुमच्याही नव्हतं, काकांच्याही नव्हतं."

"विळीचं काय नाय?"

"काही नाही."

"नक्की?"

"हे नक्की आहे, मावशी. यात 'अजून माहीत नाही' असं काही नाही."

नवसाबाईनं पदर तोंडाला लावला. खाली रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत होते. मोहिनी आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मग तिनं आपले प्रश्न काढले. ते तिनं नीट जुळवून आणले होते.

"दोनात एक म्हणजे पहिलं आजारी झालं तर दुसरं बरंच होणार, असं का?"

"नाही. प्रत्येक वेळी नव्यानं. दोन्हीही बरी होतील, दोन्हीही आजारी होतील."

"पोटात असताना कळतं?"

"कळतं. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मोठ्या दवाखान्यात तपासतात. मुंबईला जावं लागेल. पण कळल्यावर पुढं काय करायचं, ते ठरवणं सोपं नसतं. ते दुसरं कोणी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही."

"अन् पोर होऊच द्यायचं नाय, असं ठरवलं तर?"

"तेही ठरवता येतं."

मोहिनीनं नमुन्यांची पिशवी नीट केली. "त्यांनी मला त्या दिवशी रात्री फोन केला होता. म्हणाले, तू मोकळी हायस, मी धरून ठेवणार नाय. मी म्हणलं, मला नुसतं मोकळं सोडू नका, मला इचारा. त्यांनी फोन ठेवला. तेव्हापासनं गाळ्याचं दार लावूनच काम करतात." तिनं एकदा आईकडे पाहिलं. "मला लग्न करायचंय. पोराबाळांचं आम्ही दोघं बघू. फक्त मला आधी सगळं कळायला पाहिजे होतं. मागनं कोणी सांगितलेलं नको."

ज्योत्स्नानं तिला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. मनोजला पुढे काय काय होऊ शकतं, डोळे, फुप्फुसं, कंबरेचा सांधा, वयाचं काय, काहीही हातचं न राखता. मोहिनीचा चेहरा मधूनमधून पांढरा पडत होता, पण ती ऐकत राहिली. मग ज्योत्स्नानं दोघींना घरी नेऊन जेवू घातलं आणि पेठची गाडी गाठून दिली.

पाड्यावर काय झालं ते तिला नंतर आईकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं. नवसाबाईनं नवऱ्याला सगळं सांगितलं. झुंबर तिच्यामुळं गेला नाही, आणि त्याच्यामुळंही नाही, हे सांगितलं. गोटीराम त्या दिवशी जेवला नाही. त्यानंही मनात काहीतरी धरून ठेवलं असावं, ते त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. मोहिनीनं बापापुढे हट्ट केला नाही, रडारडही केली नाही. ती फक्त म्हणाली की मी बघून-समजून चाललेय, तुम्ही नाही म्हणालात तर थांबेन, पण दुसऱ्या कोणाशी करणार नाही. शिमगा उलटल्यावर गोटीराम स्वतः सोयरिकीला होकार द्यायला पुंजाकडे गेला.

त्याच दिवसांत मनोज एकदा नाशिकला आला. ज्योत्स्नानं दार उघडलं. तो नेहमीसारखा आत येऊन बसला, पाणी प्यायला.

"मोहिनीला तू सगळं सांगितलंस म्हणे. कंबरेचं बी."

"हो."

"मला कोणी असं कधी सांगितलं नव्हतं. डॉक्टर पण नाय."

"तुला ऐकायचंय?"

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला. "आज नाय. पण मी इचारीन तेव्हा सांग. अन् नवीन काय निघालं, चांगलं नाय तर वाईट, आधी मला कळव. तुझ्या त्या म्हाताऱ्यांना नंतर."

"बरं," ती म्हणाली. माफी मागायला तिनं तोंड उघडलं, पण त्यानं हातानंच थांबवलं आणि विचारलं, जेवायला काय आहे.

लग्न वैशाखात झालं, साधंच. गोटीराम सगळे विधी होईपर्यंत एका बाजूला उभा राहिला आणि पंगतीत मात्र वाढायला पुढे होता. मनोज-मोहिनीनं पेठला बिऱ्हाड केलं. पोराबाळांचं दोघांनी काय ठरवलं ते कोणाला सांगितलं नाही, आणि ज्योत्स्नानं विचारलं नाही.

भाद्रपदात मनोजच्या छातीत कळ आली. या वेळी मोठी. गाडी करून त्याला नाशिकला आणलं, रक्त चढवलं, प्राणवायू लावला. मोहिनी खाटेपासून हलत नव्हती. पहिले काही दिवस डॉक्टर मोघम बोलायचे आणि ज्योत्स्नाला त्या मोघमपणाचा अर्थ कळत होता. तो तिनं मोहिनीला सांगितला, आणि मनोज शुद्धीवर असताना त्यालाही सांगितला. त्यानं डोळ्यांनीच होकार दिला.

हळूहळू श्वास सुधारला. एका दुपारी गोटीराम पाड्यावरून आला. नागलीच्या भाकरी, खुरसणीची चटणी, फडक्यात बांधलेली. आत एकाच माणसाला बसू देत होते, म्हणून तो बाहेर बाकावर ज्योत्स्नाशेजारी बसला. दोघं येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांच्या खाटा बघत राहिले.

"बाई," तो मग म्हणाला, "त्या दिशी खळ्यावर तुमी नाय म्हनाला. भावाचं काय होईल, हे नाय आलं मनात?"

"आलं."

"तरी म्हनाला."

"तुम्ही झुंबरचं सांगितलंत ना आधी. त्यानंतर मला दुसरं काही बोलता आलं नसतं."

गोटीरामनं मान हलवली. फडकं सोडून त्यानं एक भाकरी काढली, मोडली, अर्धी तिच्या हातात दिली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं, हे त्याला कसं समजलं कोण जाणे. दोघं भाकरी खात असताना मोहिनी दारातून बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले.

"उठून बसलेत," ती म्हणाली. "चहा मागतायत."

गोटीराम लगेच उठला. "कोरा पायजे का दुधाचा, ते इचार," तो म्हणाला, आणि उत्तर यायच्या आधीच जिन्याकडे निघाला.